दुसऱ्या मॉड्यूलमधला हात

प्रयोगशाळेतल्या रबरी पॅडवर काठी पडली की ड्रमवादक विश्राम पेडणेकरांना शिसारी येई. मेलेल्या माशाला मारल्यासारखं वाटे. पण रविवारी त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता, स्वतःची एक गत वाजवायची होती, आणि कंपवातानं थरथरणाऱ्या हातांत खरा ड्रम वाजवण्याइतका जोर उरला नव्हता. दोनपैकी एक आघातवाचक, म्हणजे पॅडवरच्या माराचं आवाजात रूपांतर करणारं ट्रिगर मॉड्यूल, आजच निवडायचं होतं.

पहिलं मॉड्यूल प्रामाणिक होतं. एका मारामागचे हाताचे चार कंपही त्यानं वाजवले. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा तो आवाज ऐकून पेडणेकरांनी तोंड फिरवलं.

"आता दुसरं," डॉ. मृण्मयी आठल्ये म्हणाल्या. "यात हेतुगाळणी आहे, काका. मार कुठला आणि कंप कुठला, हे त्याला कळतं."

"कसं काय?"

"तुमच्या नावावरच्या दोनशे बारा ध्वनिमुद्रणांवरून त्याला तुमचा हात शिकवलाय. काठी खाली यायला लागली, की हा हात इथे काय वाजवेल ते ठरवायचं आणि तेवढंच वाजवायचं. बाकी सगळं गाळायचं."

पेडणेकरांनी काठ्या उचलल्या. खोलीभर खणखणीत, उडती गत घुमली.

तंत्रज्ञ जठारनं टाळ्या पिटल्या. "काका, पंचविशीतले तुम्ही!"

पेडणेकरांनी तीच गत पुन्हा वाजवली. प्रत्येक समेआधी एक बारीक 'टिक' येत होता.

"हे टिक टिक कसलं?"

"ती तर तुमची खूण!" आठल्ये हसल्या. "सगळ्या मुद्रणांत आहे. अंगठी ड्रमच्या कडेला लागत असणार."

पेडणेकरांनी जन्मात अंगठी घातली नव्हती.

अंगठी लॅन्सी पिंटोची. रंगमंचावर पेडणेकर वाघ. पण स्टुडिओत लाल दिवा लागला की त्यांचे हात गोठत. मग लॅन्सी वाजवी आणि तबकडीच्या वेष्टनावर पेडणेकरांचं नाव छापलं जाई. "कुणाला कळणार नाही," ध्वनिमुद्रक म्हणे. "पुढच्या वेळी तुझं नाव घालू," पेडणेकर म्हणत. लॅन्सी नुसता हसे. ती पुढची वेळ यायच्या आतच तो गेला.

"खटकत असेल तर टिक काढून टाकते," आठल्ये म्हणाल्या. "मिनिटाचं काम. कुणाला कळणार नाही."

पेडणेकरांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. पुन्हा पुसले. रबराचा चिकटपणा जातच नव्हता.

"नको. पहिलं जोडा."

"अहो काका, त्यात सगळी थरथर ऐकू येईल!" जठार ओरडला.

"येऊ दे. ती तरी माझी आहे."

आठल्ये गोंधळल्या. "मग हे दुसरं पुसून टाकू?"

"खबरदार पुसलंत तर! फक्त त्यावरचं माझं नाव बदला. लॅन्सी पिंटो लिहा."

"हे कोण?"

"रविवारी सांगतो. सगळ्यांसमोर, माइकवर," पेडणेकर म्हणाले आणि त्यांनी काठी पॅडवर टेकवली. जठारनं नुकत्याच जोडलेल्या पहिल्या मॉड्यूलनं त्यांची भीती, एकही कंप न गाळता, खोलीभर वाजवली.