कपाटाआडचे आजोबा

"गेले बघ, पुन्हा गायब!" शेपूट ओरडला.

ठेंगीच्या मोबाइलवर तीन डोकी वाकली होती. पलीकडच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या त्यांच्या आजोबांची खोली त्यात दिसत होती. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या आजोबांचा उजवा हात पक्षाघातानंतर थरथरायचा, म्हणून ठेंगीच्या बाबांनी तिथे कॅमेरा लावला होता. पण हल्ली रोज दुपारी आजोबा काठी टेकत उठायचे आणि कपाटाआडच्या कोपऱ्यात जायचे. कॅमेऱ्याला तो कोपरा दिसत नव्हता.

"चोरून सिगारेट ओढत असतील," चुलतभाऊ प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला. शेपूट त्याचा धाकटा भाऊ, कायम मागे मागे असणारा.

बाबांनाही काळजी वाटत होती. "उद्या कॅमेरावाला येतोय. त्या कोपऱ्यावर दुसरा बसवू."

"आजोबांना विचारलंत?" ठेंगी म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? त्यांच्याच भल्याचं आहे."

मग काय, उद्याच्या आत छडा लावायलाच हवा होता. तिघं मागच्या दारानं दबकत आजोबांच्या घरात शिरली. ठेंगीनं कपाटाआड डोकावलं. स्टुलावर आजोबा बसले होते आणि मांडीवर जुना सदरा होता. डाव्या हातानं उजवा हात धरून ते काजात बटण घालायला बघत होते. ते निसटत होतं. पुन्हा घालत होते.

"आजोबा, उजेडात का नाही बसत?" शेपटानं विचारलं.

आजोबा दचकले. मग हळूच म्हणाले, "तिथला कॅमेरा हसतो रे. मागच्या आठवड्यात जेवताना चमचा पडला, तर आतून पोरं हसल्यासारखा आवाज आला. म्हटलं, नकोच ते."

ठेंगीचे कान तापले. 'आजोबांची गंमत' दाखवायला तिनंच या दोघांना बोलावलं होतं. मोबाइलवरचं बोलायचं बटण चालू राहिलंय, हे तिला कळलंच नव्हतं. प्रोफेसर फरशीकडे बघत राहिला. तिघंही घरी आली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरावाला शिडीवर चढला, तशी ठेंगी शिडीला धरून उभी राहिली. "नका लावू. आजोबा तिथं हाताचा सराव करतात. कुणी बघू नये म्हणून."

"पण ते पडले तर कळणार कसं?" बाबा म्हणाले.

प्रोफेसरनं वर पाहून कॅमेरावाल्याला विचारलं, "पडल्यावर घरी फोन लावणारा मनगटी पट्टा मिळतो ना?"

"मिळतो की. पण मला कॅमेराच सांगितला होता."

बाबा वरमले. आजोबांकडे बघायचं टाळत त्यांनी ठेंगीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! आम्हाला सुचलं नाही ते पोरांनी शोधलं."

ती थाप ठेंगीला चटक्यासारखी लागली. "शाबास नका म्हणू, बाबा. कॅमेऱ्यातून हसले ती मीच."

"आम्हीपण," प्रोफेसर पुटपुटला.



"ठाऊक होतं मला," आजोबा म्हणाले. "नातीचं हसू ओळखणार नाही होय? पण सगळ्यांसमोर सांगितलंस, त्याला धीर लागतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ठेंगीला मान वर करवेना. बाबांनी पट्टा मागवला, जुना कॅमेराही उतरला, शिडी बाहेर गेली, तरी ती तिथंच उभी होती.

"आजोबा, उद्या येऊ?"

"ये की," आजोबा म्हणाले. "फक्त दार वाजवून ये."