विंगचा होकार

चीनने परदेशात मुलं दत्तक देणं बंद केलं, तेव्हा उल्का आणि मोहनची फाइल पाच वर्षांची झाली होती. उल्का ॲन आर्बरच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. वाईट बातमीसुद्धा ती आकड्यांसारखी नीट वाचून बाजूला ठेवायची. ही मात्र तिला ठेवता आली नाही. त्या पाच वर्षांत ती नेटाने मँडरिन शिकली होती.

दीड वर्षाने एजन्सीचा फोन आला. सॅन फ्रान्सिस्कोत पाच वर्षांची एक मुलगी आहे, सुमयी. तिची आई विंग आणि वडील हायवेवरच्या अपघातात गेले. आईची आई, मिसेस लाम, ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. नातीला त्याच सांभाळतात, पण आता त्यांचं हृदय साथ देत नाही. आणि अपघातापासून मुलगी एक अक्षरही बोललेली नाही.

"सुमयी," मोहन म्हणाला. "नाव तर आपल्याकडचंच वाटतं यार."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं तिथे पोचले. लाम आजींचं घर समुद्राजवळच्या गल्लीत होतं. तिथलं धुकं दुपारीसुद्धा हलत नव्हतं. आजी कँटनीज बोलत, त्यामुळे उल्काचं मँडरिन पहिल्या पाच मिनिटांतच निकामी ठरलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीवर काम भागलं. बूट दाराशी काढायचे, चहाचा कप दोन्ही हातांनी द्यायचा आणि दोन्ही हातांनीच घ्यायचा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. जेवायला तांदळाची पेज होती, वर आल्याचे केसासारखे बारीक काप. उल्काने दोनदा मागून घेतली, तेव्हा आजी पहिल्यांदा हसल्या. सुमयी टेबलाखाली बसून उल्काच्या पायमोज्यांकडे बघत होती.

जेवण झाल्यावर आजी भिंतीपाशी गेल्या. तिथे छोटा लाल देव्हारा होता आणि त्यात विंगचा फोटो.

"कागदावर मी सही करीन," त्या म्हणाल्या. "पण आधी विंगला विचारायचं. दोन कुटुंबं येऊन गेली. विंग नाही म्हणाली."

त्यांच्या हातात चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे होते, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. असा होकार ओळीने तीनदा मिळायला हवा. दोन्ही पालथे म्हणजे स्पष्ट नकार.

आजींनी तीनदा टाकले. तिन्ही वेळा दोन्ही पालथे.

"उद्या पुन्हा विचारू," त्या म्हणाल्या.

चौसष्टात एकदा असं होतं, उल्काने मनात हिशेब केला. होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी आजींनी पुन्हा तीनदा टाकले. दोन्ही पालथे, दोन्ही पालथे, दोन्ही पालथे.

"चार हजारांत एकदा," गाडीत बसल्यावर उल्का म्हणाली.

"लाकडाचं वजन एकीकडे असेल."

"मी तपासलं. आजी आत गेल्या तेव्हा वीसदा टाकून बघितले. व्यवस्थित मिसळून पडतात." तिने सीटबेल्ट लावला. "फक्त मी काही विचारलं नव्हतं."

मोहनने गाडी सुरू केली.

तिसरा दिवस थडगी साफ करण्याचा होता, वर्षातून एकदा येणारा. शहराच्या दक्षिणेला टेकड्यांवर दूरवर दफनभूमी पसरली होती, आणि चिनी कुटुंबं झाडू, फुलं, फळांच्या पिशव्या घेऊन चढत होती. मुलं पळत होती, कुणी थर्मासमधून चहा ओतत होतं; एखाद्या सहलीसारखी वर्दळ होती. आजींनी विंगच्या दगडासमोर उकडलेली कोंबडी, संत्री आणि चहाचे तीन कप मांडले. पत्र्याच्या डब्यात कागदाचे कपडे आणि कागदाचे बूट जाळले. मोहन त्यांच्या सांगण्याप्रमाणे दगड पुसत होता.

सुमयी उल्काशेजारी उभी होती, पण तिचं लक्ष उल्काकडे नव्हतं. ती उल्काच्या खांद्यामागे, जरा वर बघत होती. उदबत्त्यांचा धूर वाऱ्याच्या उलट, मुलीकडे झुकत होता. उल्काने ते पाहिलं आणि उताराची हवा फिरत असेल, असं ठरवून टाकलं.

आजींनी तुकडे गवतावर टाकले. पाच वेळा. पाचही वेळा दोन्ही पालथे.

अकरा वेळा. हा आकडा बेचाळीस लाखांच्या घरात जात होता. उल्काला त्याचं नेमकं उत्तर येत होतं आणि त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

"आता नाही विचारणार," आजी दगडाला टेकून खाली बसल्या. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "ती माझी मुलगी आहे. तिच्या मनाविरुद्ध मी देणार नाही."

गुरुवारी दत्तकासाठी कोर्टाची तारीख होती.

उल्काला नाशिकचा घाट आठवला. वडिलांचा दहावा दिवस. कावळा पिंडाला शिवत नव्हता. तासभर सगळे ताटकळले होते. मग दादा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही," आणि कावळा खाली उतरला होता. तेव्हा ती मनात हसली होती.

तिने आजींच्या हातातून तुकडे घेतले आणि ओल्या गवतावर गुडघे टेकले. बोलली ती मराठीत. खरं बोलायचं तर तिला दुसरी भाषा सुचली नाही.

"विंग, मी उल्का. तुझी जागा मी घेणार नाही. तुझं नाव तिला रोज सांगेन. तुझ्या आईशी तिची गाठ तुटू देणार नाही."

तुकडे टाकले. दोन्ही पालथे.

"ती रडली तर जवळ घेईन. बोलली नाही तरी चालेल."

दोन्ही पालथे.

आता देण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. मग, दाराशी उभ्या राहिलेल्या कुणाही बाईला म्हणावं तसं ती म्हणाली,

"तुझा जीव अडकला असेल तर तूही ये आमच्याकडे. घर मोठं आहे."

एक उताणा, एक पालथा.

आजी सरळ बसल्या.

एक उताणा, एक पालथा.

मोहनच्या हातातलं फडकं थांबलं.

एक उताणा, एक पालथा.

वारा पडला होता. सुमयीने उल्काचं बोट धरलं आणि पंधरा महिन्यांनी तोंड उघडलं.

"शी सेज ओके," ती म्हणाली.

आजी तिला छातीशी घेऊन मोठ्याने रडल्या. आजूबाजूची अनोळखी कुटुंबं जवळ आली. काय झालं ते कळल्यावर कुणी संत्री दिली, कुणी उल्काच्या पाठीवर थोपटलं. मोहन गवतात मटकन बसून हसत होता आणि डोळे पुसत होता.

गुरुवारी न्यायाधीशबाईंनी सही केली. आजींनी लाल रंगात उकडलेली अंडी टोपलीभर आणली होती, घरात मूल आल्याची. त्यांनी ती कारकुनाला दिली, पहारेकऱ्याला दिली, न्यायाधीशबाईंनाही दिली. सुमयी सबंध वेळ बडबडत होती. पंधरा महिन्यांचं सगळं साठवून ठेवल्यासारखी.

ॲन आर्बरला तिने महिनाभरात सायकल शिकून घेतली. आजी भाचीकडे राहायला गेल्या होत्या. रोज संध्याकाळी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल व्हायचा. जूनमध्ये सुमयी उल्काला पहिल्यांदा 'आई' म्हणाली. उल्का भांडी तशीच टाकून बागेत जाऊन उभी राहिली. इतका आनंद घरात मावत नाही, असं तिला वाटलं.

सप्टेंबरात शाळेचा पहिला दिवस उजाडला. मोहन कामासाठी दोन दिवस शिकागोला गेला होता. उल्का कंगवा घेऊन वर गेली. सुमयी पलंगाच्या कडेला शाळेचा फ्रॉक घालून बसली होती, खिडकीतल्या उन्हात. केसांच्या दोन वेण्या घालून झाल्या होत्या, घट्ट, बारीक, एकही केस बाहेर नाही. उल्काला अशा वेण्या कधीच जमल्या नव्हत्या.

"किती सुंदर," ती म्हणाली. "कुणी घातल्या?"

"मॉमीने," सुमयी म्हणाली आणि दप्तर उचलून जिना उतरली.

उल्का कंगवा धरून उभी राहिली. दबलेला ठसा सावकाश भरणाऱ्या मेमरी फोमच्या गादीवर सुमयी बसली होती ती छोटी जागा भरून आली होती. त्या जागेमागे दुसरा एक खळगा होता, मोठ्या माणसाचा. तो अजून हळूहळू वर येत होता.