यादीतून खोडलेला प्रश्न

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. आजही ठेवत नाही. फक्त त्या खोलीत एकटी बसत नाही.

रविवार होता. सकाळचे अकरा.

हो, सकाळचे. पण विमा कचेरीच्या तळघरातल्या मशीनच्या खोलीला खिडकीच नव्हती. आत दिवस काय न् रात्र काय, सारखंच.

ती घरातली धाकटी सून. बाळ नऊ महिन्यांचं, आदल्या दिवसापासून तापलेलं. नवरा परगावी. जीव घरी ठेवून ती आली होती, कारण कपाटाएवढ्या त्या मेनफ्रेमवर लिनक्स ही नवी प्रणाली चढवायचं काम कचेरी बंद असतानाच करता येत होतं. सहाच्या आत झालं नाही, तर पुढच्या रविवारीही बाळाला सोडून यायचं.

त्या मशीनवरच्या जुन्या प्रणालीला एक सवय होती. दर अर्ध्या तासाने पडद्यावर एक ओळ यायची.

"आहात का?"

खोलीत जो कोणी एकटा असेल, त्याने "आहे" असं टाइप करायचं. पाच मिनिटांत उत्तर गेलं नाही, की फाटकावर घंटा वाजायची.

हा नियम मास्तरांमुळे आला. मास्तर म्हणजे तिथले जुने ऑपरेटर. तीस वर्षं याच खोलीत काढली. घरी वाट बघणारं कोणी नाही. एका शनिवारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले... आणि सापडले सोमवारी.

दोन दिवस त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

नव्या प्रणालीत काय काय न्यायचं, याची यादी करताना तिने तो प्रश्न खोडला होता. "आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो," असं साहेबांना सांगितलंही होतं. तळघरात मोबाईल लागत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. होता तो एक भिंतीवरचा फोन.

लिनक्सचे दोन प्रकार तिने दोन महिने तपासून निवडले होते. एक चढवायचा, एक अडीअडचणीला. पहिला सुरू केला. आधी डिस्क पुसली जायची होती. तासाभराचं काम. तिने घरी फोन लावला.

"ताई, ताप?"

"उतरतोय गं," जाऊबाई म्हणाल्या. "तू दर दहा मिनिटांनी फोन केलास तर मात्र माझा चढेल."

"श्वास नीट घेतोय ना?"

"घोरतोय! अगदी काकावर गेलाय."

ती हसली. फोन ठेवला. मग फक्त पंख्यांची घरघर.

ती वळली...

पडद्यावर ओळ होती.

"आहात का?"

डिस्क अजून अर्धी कोरी व्हायची होती. जुनी प्रणाली सकाळपासून बंद. विचारणारं आत कोणी नव्हतंच.

सवयीने तिने "आहे" टाइप केलं. मग वाटलं, पहिल्याच प्रकारात काहीतरी गडबड आहे. तिने तो थांबवला. वेगळी, कोरी करकरीत डिस्क घेतली आणि दुसरा प्रकार चढवायला सुरुवात केली.

घड्याळाकडे बघत बसली.

अर्धा तास झाला...

"आहात का?"

या वेळी तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. उत्तर द्यायचं नाही. बघू काय होतं.

एक मिनिट.

दोन मिनिटं.

मग प्रश्नाखाली अक्षरं उमटू लागली. एकेक. कोणी एका बोटाने शोधून शोधून टाइप करावं तशी...

"आहे."

पंख्यांची घरघर तेवढ्यापुरती थांबल्यासारखी वाटली.

कोपऱ्यात मास्तरांची जुनी खुर्ची होती, हात फाटलेली. सकाळी ती भिंतीकडे तोंड करून होती.

आता पडद्याकडे होती.

पळावंसं वाटलं. पण पळाली असती तर पुढचा रविवार होताच. ती तशीच बसून राहिली. दर अर्ध्या तासाने प्रश्न आला, दर वेळी उत्तर गेलं. तिने एकदाही बोट लावलं नाही. साडेपाचला काम संपलं. तिने खोलीला कुलूप लावलं आणि घर गाठलं.

बाळाचा ताप उतरला होता. तरी रात्रभर ती त्याच्या नाकाशी बोट धरून बसली. "आहेस ना रे?" असं पुटपुटत.

सोमवारी आठला साहेबांबरोबर तिने कुलूप उघडलं. पडद्यावर रात्रीची नोंद होती. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत.

अठ्ठावीस प्रश्न.

अठ्ठावीस उत्तरं.

फाटकावरची घंटा एकदाही वाजली नव्हती.

"ठेवलास वाटतं तो प्रश्न शेवटी?" साहेब म्हणाले. "बरं केलंस." आणि चहाला निघून गेले.

शेवटच्या उत्तराखाली आणखी एक ओळ होती. ती जुन्या प्रणालीत कधीच नव्हती.

"आज कोणी येणार आहे का?"

तिने टाइप केलं, "आले."

याला दोन वर्षं झाली. बाळ आता घरभर धावतं. पुढच्या महिन्यात ते तळघर रिकामं होणार आहे. मशीन दुसऱ्या इमारतीत जाईल, खोलीचा दिवा कायमचा बंद होईल. कोणाला काय कळवायचं, ती यादी पुन्हा तिच्याकडेच आली आहे.

यादीच्या शेवटी तिने स्वतःच एक ओळ लिहिली आहे. "मास्तरांना सांगणे."

त्या ओळीपुढे, सांगणारा म्हणून, कोणाचं नाव लिहायचं, तेवढं अजून ठरलेलं नाही.