वीतभर उंचीवरून

सरका जवळ. मधेच खिदळायचं नाही, आमच्या मिस्त्रीची खरी गोष्ट आहे. गडी असा, की भूत दिसलं तर त्यालाच सिमेंट कालवायला लावेल.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. अठरा तारीख, मंगळवार, रात्रीचे साडेनऊ. एका घराची दुरुस्ती चालू होती आणि नव्या गिलाव्याला पाणी मारायचं राहून गेलं होतं. मिस्त्री जेवूनखाऊन पाइप घेऊन निवांत आला.

शेजारचं घर सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देतात. मधली भिंत एकच. दर चार दिवसांनी नवे चेहरे, तक्रार मात्र तीच: तोडफोडीचा आवाज फार होतो. सांगायला कोणी येत नसे, सरळ भिंत ठोकायचे. इकडच्या घरमालकाच्या डोक्यात जायचं ते.

सोमवारी भर दुपारीही ठोकलं होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आज आवाज खालून येतोय. पार फरशीजवळून."

"खालून येवो नाहीतर वरून! चार दिवसांचे पाहुणे आणि रुबाब बघा. तू मशीन चालव."

मिस्त्रीने मशीन चालवलं. अर्ध्या तासाने ठोकणं थांबलं. मालक हसला. "बघ, जिरली की नाही?"

संध्याकाळी शेजारची मंडळी फिरून परतली. म्हाताऱ्या वडिलांना विश्रांतीसाठी घरीच ठेवून गेली होती. ते बाथरूममध्ये भिंतीला लागून पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, दुपारीच कोणी आलं असतं तर वाचले असते.

हं... पाणी दे रे जरा.

तर मंगळवारी शेजारी कुलूप होतं. एकही दिवा नव्हता. मिस्त्री मधल्या भिंतीवर वरून खाली पाणी मारत आला. अर्धी भिंत झाली.

ठक.

त्याने नळ बंद केला.

ठक... ठक.

तो बाहेर जाऊन बघून आला. कुलूप तसंच. अंगणात कोणी नाही.

ठक.

खालून. फरशीपासून वीतभर.

उभा माणूस तिथे ठोकत नाही...

मिस्त्रीने पाइप खाली टाकला. पण पळाला नाही. गुडघे टेकले. ओल्या भिंतीवर तळहात ठेवला.

"बाबा... ऐकू आलं. कालही आलं होतं..."

ठोकणं थांबलं. पलीकडे कुणीतरी लांब श्वास सोडला. मग... काही नाही.

सकाळी त्याने मालकाला सगळं सांगितलं आणि काम सोडलं.

"मालक काय म्हणाला, काका?"

...

काय म्हणणार. मालक मीच. मिस्त्रीने बिचाऱ्याने सांगितलं होतं मला. शेजारचं दार वीस पावलांवर होतं, मी गेलो नाही. त्यांचा मुलगा रडत बाहेर उभा होता, तेव्हा मी आत खिडकी लावून घेतली. दुपारी ठोकलेलं ऐकलं होतं, हे त्याला आजवर सांगितलं नाही. लाज वाटते रे. फार लाज वाटते.

गिलावा पुढे चार दिवसांत वाळला. वर दोनदा रंग दिला. पण खाली, वीतभर उंचीवर, तळहाताएवढी एक जागा आहे... ती काही वाळत नाही.

तू जरा पुढे सरकून बस बाळा. शर्ट भिजेल.