लाल काचेखालची ओळ

ओळ पानाच्या डाव्या कडेपासून बरोबर अकरा मिलिमीटरवर सुरू होत होती. तिच्या वरची ओळ चौदावर.

वहिनींनी स्टीलची पट्टी पुन्हा लावून पाहिली. अकरा. चौदा. दोन्ही आकडे त्यांनी वहीत टिपले आणि पट्टी पर्समध्ये ठेवली.

"तीन मिलिमीटरने काय बिघडतंय?" भावजींनी विचारलं. तीन जिने चढून आलेल्या माणसाच्या आवाजात जेवढी चिडचिड असते, तेवढी त्यांच्या आवाजात होती.

"माहीत नाही. म्हणूनच लिहून ठेवलं."

वहिनींनी बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी चौकशीची कामं घेऊ लागल्या, आणि त्यांचे दीर मदतीला म्हणून सोबत येऊ लागले. मदत नेमकी कोणाला होते, हा विषय दोघांनी कधी काढला नव्हता.

समोर टेबलावर एका संगीतविषयक षण्मासिकाचा चौदावा अंक उघडा होता. त्यामागे ना मोठी कंपनी होती ना जाहिराती. दोन बहिणी, एक मांडणीकार आणि काही हजार हट्टी वाचक. हे वाचक टिकले होते मांडणीमुळे. तीन मिनिटांच्या गाण्यावरचं परीक्षण तीन रकान्यांत, नऊ मिनिटांच्या गाण्यावरचं नऊ रकान्यांत. एक मुलाखत गोल गोल छापलेली, वाचायला अंक हातात फिरवत न्यावा लागे. आणि शेवटच्या पानावर गुलाबी रेघांचा गुंता. अंकासोबत लाल पारदर्शक प्लास्टिकची पट्टी येई. वाचक तिला लाल काच म्हणत. ती गुंत्यावर ठेवली की गुलाबी रेघा नाहीशा होत आणि खालची फिकट निळी अक्षरं काळी होऊन वर येत. दर वेळी तिथे एक कोडं असे. उत्तरं पोत्याने येत.

या वेळी कोड्याच्या खाली आणखी एक ओळ वर आली होती.

"सांग ना ताई त्यांना," धाकटी म्हणाली. वहिनींना तिनेच फोन करून बोलावलं होतं.

संपादिका खिडकीपाशी उभी होती. "सांगायचं काय त्यात? छापलंय, 'हा शेवटचा अंक. इतकी वर्षं ऐकलंत, आता थोडी शांतता ऐका.' परवापासून फोन थांबत नाहीये. मी तर अजून काच लावून पाहिलंही नाही. पाहवत नाही."

"आणि पाच वाजता त्याला किल्ल्या परत द्यायला सांगितल्यात," धाकटीने कोपऱ्यातल्या संगणकाकडे हनुवटी केली. मांडणीकार तिथे पाठ करून बसला होता. "पुरावा नाही, काही नाही. उद्या याला दुसरीकडे कोण उभं करणार? वाचकांची चेष्टा करणारा मांडणीकार म्हणून नाव होईल त्याचं."

"फाइल त्याच्याकडे असते. दुसरं कोण करणार?" संपादिका म्हणाली आणि वाजणारा फोन उचलायला आत गेली.

घड्याळात दीड वाजला होता.

भावजींनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पुढे ओढला. "सदतीस. सगळ्यांचं एकच. 'हा शेवटचा अंक म्हणजे काय?' या गृहस्थांना तर बघा, बंद पडण्यापेक्षा उद्धटपणाचा राग जास्त आलाय. लिहितात, 'तीन शब्दांत आम्हाला हाकललंत. पुढे आभाराची एक ओळ तरी टाकायची होती.'"

वहिनींनी लाल काच पुन्हा पानावर ठेवली. कोडं दिसलं. खाली 'हा शेवटचा अंक.' त्याच्याही खाली पान संपेपर्यंत दोन बोटं उंच निळा पट्टा होता, त्यात पांढरा पानक्रमांक. काचेखाली तो सगळा पट्टा काळाकुट्ट दिसत होता.

"बाराव्या पानावर ही फुली कसली?" भावजी अंक चाळत म्हणाले. "छापखान्याचा गलथानपणा."

मांडणीकार खुर्चीसकट वळला. "कुठे? अरे देवा. ती माझी खूण आहे. फोटो कुठे बसवायचा त्याची. ती छापायची नसते हो!"

"मग छापली कशी गेली?"

"आता तेही माझ्याच नावावर टाका." त्याने हात वर केले. "वैतागलोय मी. मुखपृष्ठाचे सहा नमुने त्या भिंतीवर बघा. पुढच्या अंकाचे आहेत. दोन महिने झाले. ताई रोज येतात, बघतात, 'बघू' म्हणतात आणि जातात. चिडलोय, हो. दुसरीकडे अर्जही केलेत. पण माझ्याच पानावर मी घाण करीन?"

"या पानाची मांडणी तुमची?"

"बाकी सगळ्या अंकाची माझी. नवव्या अंकापासून, म्हणजे मी आल्यापासून. हा गुंता मात्र ताईंनी पहिल्या अंकासाठी स्वतः काढलेला. ते पान मी आहे तसं उचलतो, कडेने रेघा वाढवतो, खाली पट्टा टाकतो, कोडं बदलतो. फाइलमध्ये पन्नास थर आहेत, काही बंद. कसले आहेत कोण जाणे. जुनं काही पुसायचं नाही, अशी ताईंची ताकीद आहे."

"थर म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. बंद केला की दिसत नाही. पण असतो."

वहिनींनी लिहून घेतलं. मग कपाटातले जुने अंक काढायला सांगितले. भावजींनी चौदाही अंक उभे रचले, आणि गठ्ठा त्यांच्या हातून घसरला.

"नीट बसतच नाहीत! पहिले आठ बोटभर बुटके आहेत."

"पहिले आठ," वहिनी म्हणाल्या, आणि एकेका अंकाचं शेवटचं पान काढून पट्टी लावत गेल्या. बोलल्या काहीच नाहीत. भावजींना याचाच सगळ्यात जास्त राग येई.

धाकटीला वहिनींनी जिन्यात गाठलं.

"'हा शेवटचा अंक' असं तू कधी म्हणाली होतीस?"

"शंभरदा! मला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, सहा महिने त्यांना थांबवून ठेवलंय. ताईला म्हटलं, चालू ठेवायचं तर नीट ठेव, नाहीतर बंद कर, पण काहीतरी बोल. तिला चहा घ्यायचा की कॉफी हे ठरवायला अर्धा तास लागतो. मी काय करू?"

"फाइल उघडता येते तुला?"

"मला? मी परीक्षणं लिहिते, तीसुद्धा कागदावर. पहिले आठ अंक ताईने एकटीने जुळवले. संगणकाला हातही लावू द्यायची नाही."

छापखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. छापखानेवाले काका यंत्राच्या आवाजावर ओरडून बोलायच्या सवयीचे होते. यंत्र बंद असतानाही ओरडलेच.

"माझ्याकडे यायच्या आधी त्या पोराला विचारा! त्याने पाठवलेली छपाईची तयार फाइल उघडेना. तीनदा मागवली. शेवटी म्हटलं, बाबा, मूळ फाइलच दे, मी काढतो."

"आणि काढताना बंद थर?"

"सगळे चालू! आमचा नियमच आहे. एकदा एका दुकानाच्या जाहिरातीत दुकानाचंच नाव बंद राहून गेलं होतं. कोणी बंद केलं विचारत नाहीत लोक, शिव्या आम्हाला घालतात."

"छापण्याआधी पानं कोणी तपासली?"

"संपादिकाबाईंनी. पण ती त्या पोराच्या संगणकावरून काढलेली. ही बघा सही."

सही केलेल्या पानावर वहिनींनी काच ठेवली. कोडं होतं. खाली काही नव्हतं.

"म्हणजे काकांनीच ओळ घातली!" रस्त्यावर आल्यावर भावजी म्हणाले.

"काकांनी ओळ बाहेर काढली, भावजी. घातली दुसऱ्या कोणी."

साडेचारला सगळे त्या खोलीत जमले. काकाही आले, यंत्राची चिंता करत. मांडणीकाराने किल्ल्यांचा जुडगा आधीच टेबलावर ठेवला होता.

"लवकर आटपा," संपादिका म्हणाली. "मला अजून वीस जणांना फोन करायचेत."

"आटपते," वहिनी म्हणाल्या. "बाराव्या पानावर एक फुली छापली गेली. ती बंद थरातली खूण होती. त्यावरून कळलं, की या वेळी बंद असलेलं सगळंच छापलं गेलंय. काकांनी ते मान्य केलं. त्यांची पद्धत आहे, हेतू नाही. म्हणजे ही ओळ कोणी या वेळी लिहिलेलीच नाही. ती फाइलमध्ये आधीपासून होती."

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"नवव्या अंकापासून आकार वाढला आणि डावा समास चौदा मिलिमीटर झाला. मी सगळे अंक मोजले. पहिल्या आठांत तो अकरा आहे. ही ओळही अकरावर आहे. आज लिहिणारा माणूस आजच्या समासावर लिहील. ही ओळ आठव्या अंकापर्यंत कधीतरी लिहिली गेली, मग बंद केली गेली, आणि पानासोबत प्रत्येक अंकात गुपचूप पुढे सरकत राहिली. मांडणीकार तेव्हा इथे नव्हता."

मांडणीकाराने श्वास सोडला. मोठ्याने, जणू दोन दिवस धरून ठेवला होता.

"तेव्हा संगणकावर एकच व्यक्ती काम करत होती," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे मी," संपादिका म्हणाली. "असेल. कधीतरी वैतागून लिहिलं असेल. सहा वर्षांत माणूस काय काय लिहितो. मला कुठे आठवतंय?"

"आठवतंय. दुपारी तुम्ही मला दोन वाक्यं म्हणून दाखवलीत. पानावर एकच आहे."

भावजींनी पत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"सदतीस पत्रांत दुसरं वाक्य कुठेही नाही. एका वाचकाने तर पुढे काही नाही म्हणून भांडण काढलंय. तुम्ही काच लावून पाहिलंही नव्हतं." त्या मांडणीकाराकडे वळल्या. "सगळे थर चालू करा. मग खालचा निळा पट्टा तेवढा काढा."

त्याने दोनदा बटण दाबलं. पडद्यावरचा पट्टा गेला. त्याच्या जागी फिकट निळ्या अक्षरांत ओळ होती: 'इतकी वर्षं ऐकलंत, आता थोडी शांतता ऐका.'

"तुमच्या बुटक्या पानांवर पट्टा नव्हता," वहिनी म्हणाल्या. "तो मांडणीकाराने आणला. निळ्यावर निळं छापलं गेलं आणि दुसरं वाक्य त्यात बुडालं. ते जगात एकाच माणसाला पाठ आहे."

भावजींनी पडद्याकडे पाहिलं, मग अंकाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "अरेच्चा," ते म्हणाले.

"ताई." धाकटीचा आवाज चिरकला. "तुला पहिल्याच फोनला कळलं होतं? आणि तरी तू याला घालवणार होतीस?"

संपादिका खुर्चीवर बसली.

"आठव्या अंकाच्या वेळी लिहिलं होतं," ती म्हणाली. "पुसवेना. छापवेनाही. म्हणून थर बंद केला. मग परवा फोन आला आणि वाटलं, संपलं. पण लोक विचारायला लागले, खरं का? हो म्हणवेना. नाही म्हणवेना." तिने मांडणीकाराकडे पाहिलं नाही. "हा गेला असता, तर मांडणीला माणूस नाही म्हणून आपोआप बंद पडलं असतं. मला काही ठरवावं लागलं नसतं."

"वा!" मांडणीकार उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "सहा मुखपृष्ठं केली मी. सहा! एकदा तोंडाने सांगितलं असतंत, ताई, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि घरी गेलो असतो. चोर तर झालो नसतो."

"माफी मागते तुझी. वाचकांनाही लिहून कळवते, तुझा काही दोष नाही म्हणून."

"ते लिहाच. पण आधी सांगा. हे चालणार आहे की नाही?"

आत फोन वाजायला लागला. संपादिका सवयीने अर्धवट उठली. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं.

"वाजू दे. मी उद्या त्या नोकरीवाल्यांना काय सांगू, ताई? हो की नाही? कुठलंही चालेल मला. खरंच."

फोन वाजून वाजून थांबला. काकांनी घड्याळाकडे बघितलं.

"जा तू नोकरीवर," संपादिका म्हणाली. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला पुढचा अंक काढायचा नाही. मी बंद करतेय."