सव्वीस नंबरचं मिनिट

जानेवारी १९९६ मधला तिसरा रविवार. बेलापूर किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती आणि रेघेमागे सायकलवाले नंबरवार उभे होते. थंडी बेताची होती. कुणी टायरमधली हवा बोटांनी चाचपत होतं, कुणी केळं संपवत होतं.

या शर्यतीला सगळे ‘किल्ल्यांची फेरी’ म्हणत. बेलापूरहून निघायचं, द्रोणागिरीच्या पायथ्यावरून मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत जायचं, तिथे वळून चिरनेरच्या हुतात्मा स्मारकावरून आणि पुढे कर्नाळ्याच्या सुळक्याखालून पनवेलमार्गे परत यायचं. एकूण शहाऐंशी किलोमीटर. सगळ्यांना एकदम सोडत नसत. दर मिनिटाला एकजण सुटे आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला. नियम एकच, पण कडक होता. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही. दहा मीटरच्या आत आलात तर ओलांडून पुढे जा, नाहीतर मागे व्हा.

चंद्रशेखर शेलारचा नंबर सत्तावीस होता. सानपाड्याचा मुलगा, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. मागची दोन वर्षं तो दुसरा आला होता. पहिला येईल त्याचं नाव राज्याच्या संघाला जाणार होतं आणि मार्चमध्ये चंद्रशेखर वयाच्या अटीतून बाहेर पडणार होता. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

दोन्ही वेळा त्याला हरवणारा सदू कोळी आज आला नव्हता. सदू मोऱ्याचा. त्याचा नंबर सव्वीस, म्हणजे चंद्रशेखरच्या बरोबर पुढचा. उरला अकरा नंबरचा यशराज. त्याची सायकल परदेशातून आलेली होती आणि तो कधीच सुटून गेला होता.

“सव्वीस, सदू कोळी,” घड्याळ धरलेल्या सिताराम मास्तरांनी पुकारलं.

“नाय आला, मास्तर,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“ठाऊक आहे. मिनिट त्याचं आहे, ते त्यालाच जाणार.”

हा मास्तरांचा शिरस्ता होता. गैरहजर माणसाचं मिनिट ते दुसऱ्या कुणाला देत नसत. रिकाम्या रेघेसमोर पूर्ण साठ सेकंद मोजून झेंडा खाली करत.

सुटणाऱ्याची सायकल मागून धरून ठेवायचं काम कोंडिबाचं होतं. तो चंद्रशेखरच्या वडिलांच्या टोळीतला, साताऱ्याकडचा, कांद्याची पोती उचलून हात खवणीसारखे खरखरीत झालेला. रिकाम्या मिनिटात त्याला मस्करी सुचली. तो रेघेवर वाकला आणि सीट धरल्यासारखे दोन्ही हात हवेत धरून म्हणाला, “जा सदूशेठ. मोरा दिसला म्हनून घरला वळू नगंस.”

रांगेत हशा पिकला. झेंडा पडला. कोंडिबाने हवेला जोरात ढकललं.

आणि तो एक पाऊल पुढे गेला. हातातलं ओझं अचानक सुटल्यावर माणूस जातो तसा.

चंद्रशेखरने सायकल रेघेवर आणली तेव्हा कोंडिबा तळवे पँटला पुसत होता.

“काय झालं, काका?”

“काय न्हाय. फुडं बघ.”

सात वाजून अकरा मिनिटांनी चंद्रशेखर सुटला.

पाय पहिल्या किलोमीटरपासूनच हलके होते. असा दिवस वर्षातून एखादाच येतो आणि तो आज आलाय, हे त्याला गव्हाण फाट्यालाच कळलं. चाकांचा आवाज एकसारखा येत होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे मिठागरांचं पाणी, समोर मोकळा रस्ता. जासई मागे पडली. द्रोणागिरीखाली नोंद करणाऱ्या माणसाने त्याचा नंबर लिहिला, एकदा पुढे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

उरणहून मोऱ्याचा रस्ता जाण्यायेण्याचा एकच. त्यामुळे वळून परत येणारे सगळे समोरून दिसत. पंचवीस नंबरवाला दिसला. त्यानंतर रस्ता रिकामा होता. धक्क्याच्या थोडं अलीकडे मात्र उजव्या दंडावर वाऱ्याचा एक फटकारा बसला, जवळून सायकल गेल्यावर बसतो तेवढाच. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात खोबरेल तेलाचा वास मिसळला आणि गेला.

धक्क्यावर पिंपाला वळसा घालायचा होता. पलीकडे धुक्यात घारापुरी दिसत होती. वही घेऊन बसलेली सुनयना क्लबमधलीच होती, सगळ्यांना ओळखणारी.

“चंदू, मस्त चाललायस! सदू फक्त चाळीस सेकंद पुढे आहे!”

“सदू आलाच नाहीये.”

“अरे आत्ता वळला की!”

वाद घालायला वेळ नव्हता. पंचवीसलाच सदू समजली असेल, त्याने ठरवलं. पण पंचवीस दोन मिनिटं आधी सुटला होता आणि दोन मिनिटांइतकाच पुढे होता. चाळीस सेकंदांवर कुणीच नव्हतं. तरी तो आकडा डोक्यात बसला. एका मिनिटाचं अंतर चाळिसावर आलं, म्हणजे आपण वीस सेकंद कमावले. कुणाकडून, हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि एक गिअर चढवला.

चिरनेरला स्मारकाजवळच्या माणसाने विचारायच्या आत ओरडून सांगितलं, “पंधरा सेकंद! धर त्याला!”

समोर सरळ रस्ता होता. त्यावर एक म्हैस होती, बाकी काही नाही.

पुढच्या चढावर त्याला आवाज ऐकू आला. पॅडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती टिकटिक. सदूची खोड होती ती. चढ सुरू व्हायच्या आधी तो दोन क्षण पाय थांबवायचा. दोन वर्षं चंद्रशेखरने ती टिकटिक लांबून ऐकली होती. आज ती अगदी जवळ होती.

खारपाड्याला गोवा हायवेवर डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळल्यावर वारा थेट तोंडावर आला. वेग ताशी अठ्ठावीसवर उतरला. मांड्या पेटल्या. यशराजसारख्या सायकलवर हा वारा कमी लागतो, हे त्याला माहीत होतं. इथेच शर्यत जाणार, हेही कळून चुकलं.

आणि वारा थांबला.

सगळा नाही. रस्त्याकडेचं गवत अजून त्याच्याच दिशेने झुकलेलं होतं. फक्त त्याच्यापुरता थांबला. खांद्यांच्या रुंदीएवढा.

कुठलाही सायकलवाला हा आडोसा डोळे मिटून ओळखेल. चंद्रशेखरने हँडल जरा उजवीकडे नेलं. वारा कानात शिरला. परत आत आला. शांत. आडोसा डावीकडे सरकला, तोही सरकला, आणि मघाच्या वाटेवरचा खड्डा बाजूने निघून गेला.

दहा मीटरच्या आत आलात तर ओलांडून पुढे जा, नाहीतर मागे व्हा.

पंचाची मोटरसायकल शेजारून गेली. पंचाने त्याला एकट्याला पाहिलं, अंगठा वर केला आणि तो निघून गेला.

वेग छत्तीस. अडतीस. अशी सायकल त्याने आयुष्यात कधी चालवली नव्हती. त्याने मान खाली घातली आणि तो तिथेच राहिला.

कर्नाळ्याच्या चढावर टिकटिक झाली. आडोसा हळूच डावीकडे झाला, पार रस्त्याच्या कडेला. उजवीकडे मोकळी वाट.

चंद्रशेखर डावीकडे झाला. पुन्हा आडोशामागे गेला. पनवेलपर्यंत. बेलापूरपर्यंत.

शेवटच्या शंभर मीटरला आडोसा एकाएकी नाहीसा झाला.

वेळ दोन तास तेवीस मिनिटं चार सेकंद. यशराजपेक्षा आठ सेकंद कमी. कोंडिबाने त्याला सायकलसकट उचललं. वडील कडेला उभे राहून नुसते हसत होते. मास्तरांनी द्रोणागिरी ते कर्नाळा, चारही ठिकाणच्या वह्या मागवल्या, चाळल्या आणि बराच वेळ मिटून हातात धरल्या. चारही वह्यांत सव्वीस नंबरची वेळ होती.

“सुनयना, तू सदूला पाहिलंस?”

“म्हणजे... चेहरा नाही पाहिला, मास्तर. पण वळला तो. मी लिहिलंय ना.”

“हं,” मास्तर म्हणाले. “संघाला नाव उद्या संध्याकाळी पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रशेखर एसटीने मोऱ्याला गेला, पेढ्यांचा पुडा घेऊन. सदू दारातल्या खाटेवर पालथा पडला होता. त्याची आई गोजरा पाण्यात फडकं पिळत होती.

“परवापास्नं ताप,” ती म्हणाली. “काल सकाली सातला जो झोपला तो हलवून बी उठं ना. नुस्ता पाय मारीत व्हता. साडेनवाला उठला, आंथरून भिजलेला. आता ताप उतरलाय, बाकी आंग थंडगार हाय. ही मानच तेवढी ऊन लागते. किती पानी लावलं तरी निवत नाय.”

तिने फडकं मानेवर ठेवलं.

सदूने तोंड वळवलं. पेढा घेतला, वेळ विचारली आणि ऐकून मनापासून हसला. “बेस झाला, चंदू. तुझा नाव जाऊ दे आता संघात.”

“हो.”

गोजराने फडकं उचलून पुन्हा पाण्यात बुडवलं. सदूची मान मागून लालभडक होती, कुणी तासभर जवळून वाफारा धरावा तशी.

“एक इचारू?” सदू हळूच म्हणाला. “कर्नाळ्याच्या चढावर मी बाजू झालू व्हतू. तू फुडं का नाय गेलास?”