आक्काच्या वाटची पावली

सकाळी सातला सभामंडपात टाळ वाजले, की गावातल्या नऊ म्हाताऱ्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरायला लागे. पावली खेळत मात्र आठच जण. नवव्या हौसाक्का. मधुमेहानं त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. त्या खुर्चीत बसत, आणि धाकटा भाऊ सोपानअण्णा त्यांच्या वाटचं नाचे.

ही मेळपट्टीची करामत. दंडावर चिकटवायची, रुपयाएवढी चकती. डॉ. मृण्मयी खळदकरांनी ती लावली, तेव्हा अण्णांनी विचारलंच, "डॉक्टरीणबाई, घाम माझा आणि साखर हिची उतरणार? ते कसं काय?"

"स्नायू राबले ना अण्णा, की रक्तात निरोप सोडतात, साखर आत घ्या म्हणून. तुमची पट्टी तो निरोप वाचते, तिच्याशी जोडलेली आक्कांची पट्टी तसाच निरोप त्यांच्या रक्तात सोडते. त्यांच्या अंगाला वाटतं, आपणच राबलो. माणसं कुठंही असोत, मोबाइलची रेंज हवी फक्त."

"म्हणजे कीर्तनासारखंच की. उभा राहतो एक, पुण्य सगळ्या मंडपाला."

"पुण्याचं राहू दे," आक्का म्हणाल्या. "लहानपणी माझ्या वाटची भाकरी खायचास, आता माझ्या वाटचं नाच."

सहा महिन्यांत आक्कांच्या उजव्या पायाची चिघळलेली जखम भरून आली. अण्णांना तर देवच पावल्यासारखं झालं.

पट्ट्यांच्या या जोडणीला सगळे मेळ म्हणत. मेळाचा नियम एकच. उपास असेल तर आधी सांगायचं, म्हणजे त्या दिवसापुरतं नाव मेळातून काढतात. पुढं अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ते सुखरूप व्हावं म्हणून आक्कांनी निर्जळी एकादशी धरली आणि कुणालाच सांगितलं नाही. ज्याच्यासाठी व्रत धरलं त्याच्या कानावर गेलं की ते फळत नाही, अशी त्यांची श्रद्धा. इन्सुलिनची सुई मात्र सवयीनं टोचून घेतली.

त्या सकाळी अण्णांना रंग चढला होता. गजर वाढला, पावलं उडायला लागली. आक्कांच्या पट्टीनं धोक्याची शिट्टी दिली, ती टाळांच्या आवाजात कुणाला ऐकूच आली नाही. अण्णांनी गिरकी घेतली तर समोर आक्का घामानं निथळलेली, हात लटलट कापताहेत.

टाळ टाकून अण्णा धावले. साखरेचं पाणी केलं. आक्कांनी ओठ घट्ट मिटले. "उपास आहे."

अण्णांनी पेला विठोबाच्या पायांना लावून आणला. "तीर्थ आहे, आक्का. तीर्थानं उपास मोडत नाही."

तीन पेले पोटात गेल्यावर आक्का क्षीण आवाजात म्हणाल्या, "पुजाऱ्यानं तीर्थात साखर जरा जास्तच घातलीय."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना मेळातून कायमचं काढू शकतो. पण मग साखर चढेल, आणि हाही पाय—"

"आणि ठेवलं तर?"

"तर तुम्ही पाऊल टाकाल तेव्हा त्या जेवलेल्या असल्या पाहिजेत."

आक्का मेळात राहिल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढल्या महिन्यात आक्का लेकीकडे नगरला गेल्या आणि इकडे सप्ताह बसला. काल्याचं कीर्तन. बुवांनी अभंगाचं शेवटचं चरण उचललं, मृदंग कडाडला, अख्खा मंडप उभा राहिला. पन्नास वर्षं या घटकेला अण्णांना देहाचं भान राहिलं नव्हतं. पाऊल आपोआप उचललं गेलं.

ते त्यांनी तसंच अधांतरी धरलं. डाव्या हातानं खिशातला मोबाइल काढून पाहिला. तासाभरापूर्वी त्यांनी विचारलं होतं, 'जेवलीस का?' उत्तर नव्हतं.

"अण्णा, नाचा की!" शेजारचा टाळकरी ओरडला. "पाय दुखतोय का?"

"माझा नाही," अण्णा म्हणाले, आणि पाऊल अगदी हलकेच, आवाज न करता खाली ठेवलं.

सगळा मंडप नाचत होता.